लसूण लावायचा राहिलाय

सगळी गल्ली त्यांना चांदोबा म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी, टवाळी जास्त होती. हा माणूस चंद्राला विचारल्याशिवाय मातीत बोट घालत नसे. पालेभाजी चढत्या चंद्रात पेरायची, कंद उतरत्या चंद्रात लावायचे, छाटणीही उतरत्यातच. पानगळ सुरू झाली की घरात सुखानं जेवण होत नसे. बायकोनं ताट वाढलं की हे खुरपं घेऊन अंगणात, कारण चंद्र काही यांच्या जेवणासाठी थांबत नाही. तिनं जन्मभर ते सोसलं. ‘यापेक्षा सवत परवडली असती,’ असं वर ऐकवलंही.

यंदा पानं गळायला लागली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. दुखणं पोटातलं होतं आणि बरं होण्यातलं नव्हतं. डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं. ते ऐकून चांदोबा एवढंच म्हणाले, “चंद्र उतरायला लागला की लसूण लावून घे. तेवढं झालं की मी सुटलो.”

माणूस दिल्या शब्दाला जागणारा. लसूण लागला नाही तर हे जायचे नाहीत, हे तिच्या डोक्यानं घेतलं ते घेतलंच. उजेड सोसत नाही म्हणून खिडकीवर जाड चादर होतीच. ते विचारत, “उतरायला लागला का गं?” ती म्हणे, “छे, अजून चढतोय.”

बाहेर चंद्र भरला, उतरला, नाहीसा झाला आणि पुन्हा कोर होऊन वर आला. खोलीत मात्र तो चढतच राहिला. दुखण्याला कुणी थापा मारत नव्हतं, ते आपलं वाढत होतं. कूस बदलताना ते उशीचा कोपरा दातांत धरत. ती बाहेर जाऊन रडायची आणि तोंड धुऊन आत यायची. आपण यांचे हाल लांबवतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिला माणूस जवळ हवा होता, कसाही.

एका दुपारी त्यांनी लसणाची टोपली मागितली. वासानं बरं वाटेल म्हणून तिनं ती उशाशी ठेवली. त्यांनी एक पाकळी अंगठ्यानं चाचपली आणि हात तिथंच थांबला. पाकळीला हिरवा कोंब आला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा.

“लसणाला थाप मारायची राहिली तुझी,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. “आजच लाव.”

“अहो, आज चढता आहे.”

त्यांनी ती कोंब आलेली पाकळी तिच्यापुढे धरली.

“खरंच चढता आहे हो! तुमची शप्पथ. या वेळी खरं सांगतेय.”

“असू दे. पुढच्या उतरणीपर्यंत थांबवू नकोस मला. होत नाही आता.”

जन्मात पहिल्यांदा या माणसानं चंद्राला डावलून काही लावायला सांगितलं होतं. तिनं चादर काढली, खिडकी उघडली आणि खिडकीखालच्या वाफ्यात जाऊन बसली.

“शेंडा वर ठेव,” आतून आवाज आला.

“इतकी वर्षं तुमच्या हाताखाली मी काय उलटा लावत होते?”

“तुझा काय भरवसा.”

ती हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. मग ती लावत गेली, होईल तितकं हळू. पाकळी ठेवायची, माती लोटायची, थोपटायची, उगाच पुन्हा थोपटायची. आतून मधूनमधून “किती राहिलाय?” येत होतं, दर वेळी बारीक होत. ती म्हणायची, “पुष्कळ आहे अजून.” टोपलीचा तळ कधीच दिसायला लागला होता.

शेवटी एकच पाकळी उरली. ती तिनं मुठीत धरली. ही लावायचीच नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

“अहो,” तिनं खिडकीकडे बघत हाक मारली, “एक राहिलीय अजून.”

आतून काही आलं नाही.

“ऐकलंत का?” ती मोठ्यांदा म्हणाली. “काम झालेलं नाहीय. एक राहिलीय म्हणतेय मी!”