वारुळाच्या तळाची सही

विठोजी अकरा वर्षं बंगलोरच्या एका कारखान्यात विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर करत होता. एकासारखा एक. साच्यालासुद्धा कंटाळा यावा असं काम. त्यामुळे एकसष्ट साली कारखान्यात कलाविभाग निघतोय, शोभेच्या मूर्तींसाठी एक कारागीर हवाय, हे कळल्यावर त्याची झोप उडाली.

विभागाचे साहेब होते बिंदुमाधवराव, दोन वर्षं परदेशात शिकून आलेले. विठोजीनं हौसेनं त्यांना मातीचं सीताफळ करून दाखवलं. साहेबांनी त्यावर पेन्सिल वाजवली.

"यात हात दिसतो, विठोजी. निसर्ग दिसत नाही. हात दिसणार नाही असं काही कर. नागपंचमीच्या दिवशी चार वाजता घरी येऊन बघतो. ते ठीक असलं तर जागा तुझी."

माणूस जिद्दीला पेटला. वाळवी वारूळ कसं बांधते हे बघायला तो रविवारी होसकोट्याच्या माळावर उकिडवा बसू लागला. तांबडी माती आणली, बायकोनं, मथुरानं, पाट्या वाहिल्या आणि रोज एक शिवीही वाहिली. सहा महिन्यांत कमरेइतकं वारूळ उभं राहिलं. आतून पोकळ, बाहेर शिखरं, भोकं, सुरकुत्या. फोरमनच्या हातापाया पडून ते कारखान्याच्या भट्टीत भाजलं. तळाला मात्र त्यानं कच्च्या मातीतच आपली सही कोरून ठेवली होती. कलावंत म्हटला की एवढा मोह व्हायचाच.

चतुर्थीला वारूळ बैलगाडीतून राजाजीनगरला घरी आलं. मथुरा पंचमीसाठी होसकोट्याला माहेरी गेली होती, शेजारणी संध्याकाळच्या आरतीला. विठोजीनं ते घरामागच्या मोकळ्या जागेत, कडुलिंबाखाली ठेवलं. तेवढ्यावर थांबायचं ना! पण त्यानं बुडाशी ओली माती थापली, वर पालापाचोळा पसरला, जमिनीतून उगवल्यासारखं केलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून, साहेबांच्या गाडीत बसून तो घरी आला, तर घरामागे तीस-चाळीस बायका. वारुळावर हळद, कुंकू, लाह्या, दूध. वस्तीचे प्लॉट पाडताना सगळी वारुळं सपाट झाली होती, गेल्या पंचमीला बायकांना दूध घेऊन पार यशवंतपूरपलीकडे चालत जावं लागलं होतं. आणि यंदा नागोबा आपल्या पायांनी दारात! म्हणजे, त्याला पाय असते तर.

शेजारच्या सोयराअक्का पुढारी होत्या. "विठोजी, चपला काढ रे! पुण्यवान तू. स्वामी तुझ्या मागच्या दारी आले बघ."

विठोजी तोंड उघडणार तोच बिंदुमाधवरावांनी बूट काढले. ते पुढे झाले, वाकले, वारुळाला डोकं टेकलं. सोयराअक्कांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. मग मागे सरून ते म्हणाले, "काय घडण आहे! ही माणसाच्या हातची गोष्ट नव्हे. बरं, तुझं काम कुठाय?"

"तेच ते, साहेब."

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत.

"खरंच. तळाला माझी सही आहे. स्वल्प कलंडवून दाखवतो." विठोजीनं वारुळाला हात घातला, आणि असा गलका उठला की झाडावरचे कावळे उडाले.

"पंचमीला जमिनीत नख लावायचं नसतं, आणि तू वारूळ उपटतोस?" सोयराअक्का आडव्या आल्या. "नोकरीसाठी देवाला आपलं म्हणतोस? जीभ झडेल!"

विठोजीला रडू फुटायचंच बाकी होतं. "मग उद्या या, साहेब. उद्या उलटून दाखवतो."

बिंदुमाधवरावांनी वारूळ पुन्हा एकदा, या वेळी पेन्सिल वाजवायच्या नजरेनं पाहिलं. मग चाळीस बायकांकडे पाहिलं. कपाळावरच्या कुंकवाला त्यांचा हात गेला.

"उद्या मला वेळ नाही," ते हळूच म्हणाले आणि बूट घालू लागले.

आठवड्यानं कागद आला: उमेदवारानं काम सादर केलं नाही. विठोजी इन्सुलेटरवर परतला.

मथुरा माहेरून आली तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, मग मागच्या दारी गेली आणि तिनं चपला काढल्या.

"अगं, पाट्या तूच वाहिल्यास ना?"

"हो. पण उगाच कशाला? एवढ्या बायका म्हणतायत." तिनं हात जोडले.

दर पंचमीला गर्दी वाढत गेली. वारुळाला ओटा झाला, वर पत्रा आला. सही चुन्यात कायमची बुजली. साऱ्या वस्तीत त्याला हात न जोडणारा विठोजी एकटाच उरला, आणि सोयराअक्का नव्या बिऱ्हाडांना बजावून सांगत, "त्या घरचा माणूस तेवढा नास्तिक आहे हं."