माझ्या फोटोला हार

त्या दिवशी सकाळी माझी दरेकशाच्या रेल्वे फाटकावर ड्यूटी होती. कचारगडच्या जत्रेचे दिवस होते, म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर, जीपगाड्या आणि पिवळे झेंडे घेतलेली माणसं. साडेनऊच्या सुमारास मोबाईल वाजला. त्यावर अल्काचं नाव आलं. अल्का माझी बायको. ती मुंबईत टीव्हीच्या मालिकेत काकूचं काम करत होती. आमचं वीस महिने बोलणं नव्हतं. मी फोन उचलला नाही.

थोड्या वेळाने परत वाजला. परत उचलला नाही. साडेदहाला तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फाटक बंद करत होतो. या वेळी उचलला, पण रागावायचं म्हणून. तिकडून दुसरीच बाई बोलली. तुम्ही काकूंचे मिस्टर का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, गाडी येऊन राहिली, थांबा. फोन टेबलावर ठेवला आणि हिरवी झेंडी घेऊन बाहेर उभा राहिलो. मालगाडी होती, लांबलचक. शेवटच्या डब्यातल्या गार्डला झेंडी दाखवली, फाटक उघडलं, माणसं निघाली, आणि मग फोन कानाला लावला. ती बाई अजून थांबलेली होती. तिनं सांगितलं, काकू गेल्या. मेकअपच्या खुर्चीतच छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नाही.

दुसरा माणूस आल्याशिवाय फाटक सोडता येत नाही. दुसऱ्या पाळीचा जागेश्वर येईपर्यंत मी आणखी दोन गाड्या काढल्या. हे मी घडलं तसं लिहितो आहे. लोकांना वाटतं मला तेव्हा काही वाटलं नसेल.

अल्काला नाटकात मीच नेलं होतं. १९९९ सालची गोष्ट. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलं. त्या वर्षी आमच्या गावच्या नाटकात आईच्या कामासाठी बाई मिळत नव्हती. अल्का तेव्हा तीस वर्षांची, आमची खुशबू नऊ वर्षांची. मीच मंडळाला म्हणालो, हिचं पाठांतर चांगलं आहे, हिला घ्या. माझी आई कुसुमबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नाटक पाहायला पहिल्या रांगेत जाऊन बसली. अल्का रडली तेव्हा तीही रडली.

पुढं वडशाच्या एका नाटक कंपनीने तिला घेतलं. दिवाळी ते होळी ती गावोगाव फिरायची, उन्हाळ्यात घरी. पाच वर्षं असं चाललं. एकदा मुंबईचा एक नट हंगामापुरता कंपनीत आला होता. तो तिला म्हणाला, टीव्हीला आया आणि काकू फार लागतात, तुम्ही या. ती मला विचारायला आली तेव्हा मी फाटकाच्या साखळीला ग्रीस लावत होतो. मी म्हणालो, जा. एवढंच बोललो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

२००४ ला ती गेली. गोरेगावात चार बायकांबरोबर एका खोलीत राहायची. मालिकांत आधी नर्स झाली, मग भाजीवाली, मग कोर्टात मागं बसलेली बाई. एका मालिकेत तिचे फक्त हात दिसले, पोळ्या लाटताना. तेवढं पाहायला सुद्धा आमच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती. पुढल्या वर्षी तिला मोठं काम मिळालं. पुण्यातलं श्रीमंत घर, आणि त्यात ही विधवा मोठी काकू. पांढरी साडी, कपाळ मोकळं. ‘मले’ म्हणायची सवय जाऊन ‘मला’ तोंडात बसावं म्हणून ती फोनवर खुशबूशी पुण्याच्या मराठीत बोलायची. दोघी हसायच्या. मी बाजूला बसून ऐकायचो.

त्या घराच्या भिंतीवर काकूच्या मेलेल्या नवऱ्याचा फोटो होता. हार घातलेला. कोणीतरी अनोळखी माणूस. २००६ च्या जून महिन्यात त्या माणसाला त्याच मालिकेत वकिलाचं काम मिळालं. मेलेला माणूस वकील होऊन आला तर लोक विचारणारच. म्हणून घाईघाईत दुसरा फोटो हवा होता. कोणाकडे घरातल्या माणसाचा जुना फोटो आहे का, असं सेटवर विचारलं गेलं. अल्काच्या पर्समध्ये माझा होता. मी नोकरीला लागलो तेव्हा गोंदियाच्या स्टुडिओत काढलेला.

तिनं आम्हाला आधी सांगितलं नाही. संध्याकाळी साडेसातला नेहमीप्रमाणे अंगणात टीव्ही लावला होता. काकू हातात दिवा घेऊन आली, भिंतीसमोर उभी राहिली आणि भिंतीवर मी. भांग पाडलेला, कोट घातलेला, गळ्यात चंदनाचा हार. मग फाटकाजवळ चहाची टपरी चालवणारा उदाराम हसला. आई उठली आणि तिनं टीव्ही बंद केला.

माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली. आम्ही अपशकुन मानत नाही. आई दुसऱ्या दिवशी तेच म्हणाली, आणि पुढं म्हणाली, पण माझ्या पोराले हार नको. मी त्याच दिवशी अल्काला फोन केला.

“तो फोटो काऊन लावला?”

“त्या बाईले रोज नवऱ्याच्या फोटोसंगं बोला लागते जी,” ती म्हणाली. “परक्या माणसासमोर माझ्या तोंडातून शब्दच निघत नव्हते. तुमच्यासमोर निघते.”

“मी जीता आहो. उतरव.”

“आता साऱ्यांनी पाहिला. आता मी कसा उतरवू?”

“मंग मले फोन नको करू.”

फोन मी ठेवला.

तेव्हापासून मी मालिका पाहिली नाही. साडेसात वाजले की मी फाटकाकडे निघून जायचो, ड्यूटी नसली तरी. घरातला टीव्ही आईने टॉवेल टाकून झाकून ठेवला. अल्का फोन खुशबूला करायची. खुशबू तेव्हा गोंदियाला वसतिगृहात राहून शिकत होती. अल्का दोनदा घरी आली, एकदा खुशबूच्या बारावीच्या वेळी आणि एकदा चौदा एप्रिलला. दोन्ही वेळा मी जागेश्वरची ड्यूटी मागून घेतली. ती डबा घेऊन फाटकावर आली. मी डबा घेतला, खाल्ला, धुऊन परत दिला. ती थोडा वेळ बाकावर बसली आणि गेली.

गावात माझी थट्टा सुरू झाली होती. उदाराम चहा देताना रोज विचारायचा, “जेवले का जी?” बाकीचे हसायचे. बाजारात, गिरणीवर, स्टेशनवर, जो तो तेच विचारायचा. मेलेल्या माणसाला जेवला का म्हणून विचारतात, असं मला वाटलं. एक दिवस मी उदारामची किटली लाथेनं उडवली. तो म्हणाला, “माह्यावर कायले चिडतं बे? विचारणारी दुसरी आहे, मी नाही.” मी त्याचं बोलणं समजून घेतलं नाही. महिनाभर त्याच्याकडे चहा प्यायलो नाही.

अल्का गेली त्या दिवशी मुंबईला माझ्याबरोबर उदारामच आला. गोंदियाहून खुशबू आमच्यात आली आणि दुपारच्या विदर्भ एक्सप्रेसने आम्ही निघालो. नागपूरला उदारामने पुरी-भाजी आणली आणि माझ्या हातात दिली. नेहमीचं विचारलं नाही.

अंत्यविधी मुंबईतच केला. मालिकेची माणसं आली होती. त्यांच्यातल्या काहींना तिचं खरं नाव माहीत नव्हतं, सगळे काकूच म्हणत होते. ज्या बाईने फोन केला होता ती रीता, केस विंचरून देणारी. स्मशानातल्या बाकावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिनं सांगितलं की फोटोसमोरच्या प्रत्येक सीनमध्ये काकू आधी एक वाक्य स्वतःचं बोलायच्या. ते लिहिलेलं नसायचं. जेवले का जी, असं विचारायच्या, थोडं थांबायच्या, मग लिहिलेलं बोलायच्या. पुण्याच्या घरात अशी भाषा चालत नाही म्हणून डायरेक्टरने एकदा ते बोलू दिलं नाही, तर त्यांना पुढचं एकही वाक्य आठवलं नाही. शेवटी त्याने नाद सोडला.

“तुम्ही रोज बघायचात ना?” रीताने विचारलं. “काकू सांगायच्या, आमचे हे रोज बघतात.”

मी हो म्हणालो.

मी खुशबूकडे पाहिलं. ती खाली बघत होती. नंतर गाडीत तिनं सांगितलं, आई दर फोनला विचारायची, बाबा पाहतात का. मी हो सांगायची. तिला बरं वाटावं म्हणून.

आणखी एक गोष्ट रीताने सांगितली. त्या सकाळचा पहिला फोन तिचा नव्हता. छातीत दुखायला लागल्यावर अल्काने स्वतः केला होता. खुर्चीतूनच.

गावी परत आलो तेव्हा मला कळलं की मालिका थांबलेली नाही. आधी करून ठेवलेले भाग शिल्लक असतात. अल्काचे सात भाग शिल्लक होते. मी टीव्हीवरचा टॉवेल काढला. त्या दिवसांत संध्याकाळी लाईट जायची, म्हणून जागेश्वरने ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली. मला फक्त एकच पाहायचं होतं. तिनं जे वीस महिने विचारलं ते एकदा तरी तिच्या तोंडून ऐकायचं होतं. जुने भाग परत लागत नाहीत, ते मी विचारून घेतलं होतं.

पहिले पाच दिवस ती फोटोकडे गेलीच नाही. चहा द्यायची, दार उघडायची, सुनेची समजूत काढायची. एक दिवस तर दोनच मिनिटं दिसली, पाठमोरी. अंगणात शेजारपाजारचे येऊन बसत. कोणी हसत नव्हतं. खुशबू बोटांवर मोजायची, किती राहिले. मी तिला मोजू नको म्हणालो.

सहाव्या दिवशी ती दिवा घेऊन आली. वीस महिन्यांत ती वाळली होती, ते मला फाटकावर तिनं डबा दिला तेव्हा दिसलं नव्हतं. तिनं दिवा ठेवला. हार एका बाजूला सरकला होता, तो हाताने सारखा केला. माझ्याकडे पाहिलं.

“जेवले का जी?”

माझ्या बाजूला बसलेली आई पटकन म्हणाली, “जेवला वो बाई, जेवला.”

तिला सवय होती. टॉवेल टाकल्यानंतर ती रोज साडेसातला उदारामच्या घरी जाऊन मालिका पाहत होती आणि रोज असंच उत्तर देत होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. अल्का उत्तरासाठी थांबली, रीताने सांगितलं होतं तेवढी, आणि मग लिहिलेलं बोलायला लागली. त्यातलं मला काही आठवत नाही.

सातव्या दिवशी फोटो दिसला नाही. आठव्या दिवशी सून कोणाला तरी म्हणाली, मोठ्या काकू माहेरी गेल्या आहेत. मालिकेत काकूला त्यांनी मारलं नाही. त्यानंतर मी मालिका पाहिली नाही, आईनेही नाही.

महिन्याभराने गोंदिया स्टेशनवर माझ्या नावाचं पार्सल आलं. गोणपाटात शिवलेलं. आत तिच्या दोन साड्या, जेवणाचा डबा आणि माझ्या फोटोची ती फ्रेम, हारासकट. रीताने पाठवलं होतं.

खुशबू म्हणते, बाबा, हार काढा, आणि याच फ्रेममध्ये आईचा फोटो लावू. बरोबरच आहे तिचं. माझी आई पण तेच म्हणते. फोटो खुशबूने निवडून ठेवला आहे, १९९९ च्या मंडईतला, कपाळाला मोठं कुंकू लावलेला. भिंतीला खिळा मारलेला आहे. फ्रेम तांदळाच्या कोठीला टेकवून ठेवली आहे. तो हार अल्काने रोज हाताने सारखा केलेला आहे. दोन वर्षं होत आली. हार मी अजून काढलेला नाही, आणि तिचा फोटो लावायचा राहिला आहे.