उजव्या हाताचं पाणी

सुलक्षणाला त्या मालिकेची भीती वाटायची, आणि तरी ती बघायची. चौदा वर्षांच्या मुलीशी बोलायला दुसरा विषयच उरला नव्हता, करणार काय? मालिका जपानी, दिसायला कार्टूनसारखी. पण कार्टून म्हटलं की स्वरांगी अंगावर यायची. "ॲनिमे, मॅम! इट्स ॲनिमे!" आईला ती आयरिश पोरांसारखं 'मॅम' म्हणायची. ज्या छोट्या कादंबऱ्यांवरून ती काढली होती, त्यांचे सगळे भाग तिच्या उशाशी रचलेले असत. गोष्ट अशी, की दूर अंतराळात एक स्थानक आहे आणि त्याच्या बाहेर 'पडसाद' नावाचं काहीतरी फिरतं. आतल्या माणसांना ते त्यांच्या जिवलगांच्या आवाजात हाक मारतं, दार उघडायला सांगतं. ओळखायची खूण एकच. ज्याला जे ऐकायची आस, पडसाद त्याला नेमकं तेच ऐकवतो.

सुलक्षणाला कशाची आस होती, हे डोनेगलमधल्या लेटरकेनी या आयरिश गावातल्या प्रत्येक मराठी घराला पाठ होतं. लेकीच्या तोंडून मराठी ऐकायची. पोरीला समजायचं सगळं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत, तेही डोनेगलच्या हेलात. "मराठी बोलायला जीभ झिजते का गं तुझी?" असं विचारलं की खांदे उडवून म्हणायची, "आयॅम ग्रँड, मॅम." ग्रँड म्हणे, म्हणजे मजेत! सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या शनिवारी स्वरांगी मालिकेचा शेवटचा भाग बघायला खाडीकाठच्या रॅथमलनला मैत्रिणीकडे गेली होती, संध्याकाळच्या बसने परत येणार होती. तिचे बाबा, डॉक्टर मोरेश्वर, हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. सुलक्षणा घरून जेवणाचे डबे पुरवायची. ती ओट्याशी उभी राहून मटकीची उसळ डब्यांत भरत होती. नोव्हेंबरचा अंधार बाहेर केव्हाच पडला होता. फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई, मी स्वरांगी. मी एका माणसाच्या गाडीत बसलेय. पाणी उजव्या हाताला आहे. बाबांना पाठव, लवकर."

आवाज लेकीचाच होता, पण लाडिक, हसरा. आणि मराठी! सगळं मराठी, इंग्रजीचा एक शब्द नाही. सुलक्षणाच्या अंगावर सरसरून काटा आला. गेल्याच आठवड्यात डब्लिनजवळच्या टॅलाच्या आशुतोषने आयर्लंडमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं होतं, की त्याला मुलाच्या आवाजात फोन आला आणि तो खोटा निघाला. हल्ली म्हणे कॉम्प्युटर कुणाचाही आवाज काढतो. शिवाय पडसाद दुसरं काय करतो? जे ऐकायला कान आसुसलेत, तेच ऐकवतो.

"कोण रे तू? माझी मुलगी असं बोलत नाही! फोन ठेव, मेल्या!" असं ओरडून तिनेच फोन आपटला.

मग तिने ग्रुपवर लिहिलं, 'मलाही तसला कॉल आला!' कासलबारच्या अलकनंदाने लगेच लिहिलं, 'ब्लॉक कर यार, इग्नोर कर.' ते वाचून बरं वाटलं. उगाच खात्री म्हणून तिने स्वरांगीला फोन लावला. बंद. दिवसभर त्यावर काहीबाही बघत बसते, संपली असेल बॅटरी. मग मैत्रिणीच्या घरी लावला. ती म्हणाली, स्वरांगी बससाठी धावत गेली, पुढचं माहीत नाही.

सुलक्षणा डब्याचं झाकण लावायला गेली आणि तशीच थांबली. पाणी उजव्या हाताला. रॅथमलनला दर आठवड्याला ती स्वतः डबे पोचवायची. तिथून घराकडे येताना खाडीचं पाणी डाव्या हाताला असतं. उजवीकडे असतं ते घराकडे पाठ करून, वर डोंगराच्या ओसाड रस्त्याला जाताना. हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?

आणि इंग्रजीचा एकही शब्द का नव्हता? कारण ती त्या माणसाच्याच फोनवरून बोलत होती, आणि शेजारी बसलेल्या त्याला एकही शब्द कळता कामा नये. म्हणून ती हसत होती.

इथे आल्यापासून आठ वर्षं ज्या भाषेसाठी पोरीच्या मागे लागली, त्या भाषेत पोरगी जीव वाचव म्हणाली, आणि आईने तिला मेल्या म्हटलं.

तिने तोच नंबर लावला. पलीकडे गाडीची घरघर आणि पुरुषाचा शांत आवाज. "हॅलो?" आवाज घुमत होता, म्हणजे फोन गाडीच्या स्पीकरवर होता, लेकीलाही ऐकू जाणार होतं. सुलक्षणाच्या घशाशी किंकाळी आली होती. ती तिने गिळली आणि लेक बोलली होती तशीच, हसत, लाडात, एकेक शब्द निवडून बोलली. "बाळा, चुकले मी. सगळं कळलंय मला. वेग कमी झाला की दार उघड आणि पळ. मी येतेय."

"राँग नंबर, लव्ह," माणूस म्हणाला. फोन कट झाला. लेकीचा हुंकारसुद्धा आला नव्हता. मुळात ती अजून गाडीत होती की नाही, कुणास ठाऊक.

गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, नंबर आणि रस्ता सांगितला. ते म्हणाले, घरीच थांबा. घरी थांबायला ती काय खुळी होती? मोरेश्वरचा फोन कुणी उचलेना. वॉर्डात निरोप ठेवून ती गाडी काढून सुटली. पाऊस तिरका येत होता, समोरचं धड दिसत नव्हतं. देवाचं नाव घ्यायला गेली तर तोंडातून सारखं "ऐकलं असशील ना गं, ऐकलं असशील ना" एवढंच येत होतं. रॅथमलन मागे पडलं. आता पाणी तिच्याही उजव्या हाताला होतं, काळंकुट्ट. समोरून एक गाडी आली आणि गेली. हीच का ती? ओळखायची कशी?

फोन वाजला. पुन्हा अनोळखी नंबर. तिने गाडी कडेला घातली. उचलायचंही धाडस होईना. पलीकडे तोच माणूस असला तर? गार्डा असले आणि भलतंच काही सांगितलं तर? शेवटी उचलला. आधी नुसता श्वास ऐकू आला, धाप लागल्यासारखा.

"मॅम? इट्स मी."

"आय हर्ड यू, मॅम. देअर वर शीप ऑन द रोड, ही स्लोड डाउन, अँड आय रॅन." मेंढ्या आडव्या आल्या होत्या आणि पोरगी पळाली होती. आता ती कुणा म्हातारीच्या शेतघरात होती, दाराला आतून कडी घालून. बस चुकली, आई ओरडेल म्हणून घाबरली. तो माणूस तुझ्या डॉक्टर बाबांना ओळखतो म्हणाला, म्हणून त्याच्या गाडीत बसली. सगळं हुंदके देत, डोनेगलच्या हेलात.

सुलक्षणा गप्पच होती. तिला रडू आवरत नव्हतं. पोरीला वाटलं, आईला अजूनही खरं वाटत नाही. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"मॅम, इट्स रिअली मी. विल आय से इट इन मराठी?"

"नको," सुलक्षणा म्हणाली. "नको गं बाळा. इंग्रजीतच बोल. मी पोचेपर्यंत बोलत राहा."