हॉपर भरायच्या आत

आचलनं मोजलं तेव्हा डब्यात पाच हजार आठशे सत्तेचाळीस गोष्टी चालू होत्या. त्यातले तीन हजार नऊशे बारा ड्रायव्हर होते, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या एकेका वस्तूशी बोलणारे तुकडे. फ्लॉपीचे होते, टीव्हीच्या कार्डाचे होते, हौशी रेडिओवाल्यांचे होते, आणि नेटवर्कच्या कार्डांचे तर तीनशेच्या वर. त्या घटकेला खरोखर कामाला लागलेले निघाले सत्तावन्न.

डबा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. तो अकोल्याच्या एमआयडीसीत, खुशालरावांच्या डाळ मिलमध्ये, कलर सॉर्टरच्या पोटात बसवलेला होता. वरून तूरडाळ पडते, कॅमेरा तिच्याकडं बघतो आणि काळा दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. बघणं आणि उडवणं यांच्या मधे हा डबा. लाइट जाऊन जनरेटर लागला की त्याला पुन्हा पहिल्यापासून उभं राहायला चौऱ्याण्णव सेकंद लागत. मागचे एलिव्हेटर, म्हणजे माल वर नेणाऱ्या बादल्यांच्या साखळ्या, मात्र जनरेटरवर लगेच चालू होत आणि माल वर फेकत राहत. सॉर्टरवरच्या हॉपरात, म्हणजे डाळ साठवणाऱ्या नरसाळ्यात, जागा होती पंचवीस सेकंदांची. त्यानंतर डाळ काठावरून थेट जमिनीवर. यूपीएस दोनदा लावून झाला होता. डाळीच्या भुकटीत आणि अकोल्याच्या उन्हात त्याची बॅटरी एक हंगाम काढत नव्हती.

"माही डाळ झाडून घ्याले दोन बाया लागतात," खुशालराव फोनवर म्हणाले होते. "शनवारी मी सोता मेन स्विच पाडतो. डाळ खाली आली तं तुमचं मशीन टेम्पोत. मंग मले फोन करू नका."

फोन स्वानंद सरांनी स्पीकरवर ठेवला होता. अमरावतीत राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासच्या खाली त्यांचं दोन खोल्यांचं वर्कशॉप. सॉर्टर तेच बनवत. फोन ठेवून त्यांनी आचलकडं पाहिलं. एमएस्सी होऊन ती इथं लागली त्याला पाच महिने झाले होते, आणि अजून ती कच्च्या नोकरीवरच होती.

"शनिवारी जमलं तर तू पर्मनंट," ते म्हणाले. "नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

हे त्यांनी धर्मेंद्रसमोर सांगितलं. धर्मेंद्र नऊ वर्षांपासून त्यांच्याकडं सर्व्हिसला, हंगामात बहुतेक दिवस खुशालरावांच्या मिलमध्येच. प्रत्येक डबा त्यानंच जोडलेला, त्यात कर्नेलही त्यानंच भरलेलं, बाजारात जसं मिळतं तसं, अख्खं. कर्नेल म्हणजे डब्यात सगळ्यात आधी जागा होणारा भाग. तो जागा झाला की असलेल्या-नसलेल्या प्रत्येक वस्तूला हाक मारत बसायचा, आणि नसलेली वस्तू ओ देईल म्हणून थांबायचा. आचलनं पडद्यावर यादी सरकवून दाखवली.

"यातलं बहुतेक सगळं कचरा आहे," ती म्हणाली.

"नऊ वर्षं चालून राह्यला कचरा," धर्मेंद्र म्हणाला. "तुमी फ्रॉकात व्हत्या म्याडम, तवापासून."

"चालत नाही ना. चौऱ्याण्णव सेकंद नुसता बसतो. फ्लॉपीची वाट बघण्यातच अकरा जातात. कुठाय फ्लॉपी?"

स्वानंद सर हसले. धर्मेंद्र हसला नाही. आचलच्या मते तिनं फक्त मोजलेलं सांगितलं होतं.

मंगळवारी ती मिलमध्ये गेली. रीत सोपी होती. यंत्र चालू असताना जे ड्रायव्हर कामात आहेत तेवढ्यांची नोंद घ्यायची, ते ठेवायचे, बाकीचे काढून कर्नेल नव्यानं बनवायचं. सॉर्टर धडधडत होता, पायाखालची जाळी थरथरत होती. धर्मेंद्र खांबाला टेकून, शर्टाच्या खिशावर हात ठेवून बघत होता.

"झालं मोजून?"

"झालं."

"काही राह्यलं तं नाही?"

"नाही."

"बरं," धर्मेंद्र म्हणाला आणि चहाला निघून गेला.

पुढचे दिवस तिनं नको ते ड्रायव्हर काढण्यात घालवले. एकेक गट उघडायचा, तो कशासाठी आहे ते वाचायचं, मग काढायचा. काही काढले की डबा उठायचाच नाही. मग शेवटचा काढलेला परत घालायचा, आणि तो का लागत होता ते समजेपर्यंत पुढं जायचं नाही. असं करत तिला ते आवडायलाही लागलं होतं. शुक्रवारी वर्कशॉपातला तसलाच दुसरा डबा सतरा सेकंदांत उभा राहिला. तिनं वीस वेळा लाइट बंद-चालू करून पाहिलं. आकडा हलला नाही. तिथं नुसता डबा आणि कॅमेरा होता. अख्खा सॉर्टर त्या खोलीत मावला नसता.

शनिवारी छाटलेलं कर्नेल मिलच्या डब्यात बसलं तेव्हा खुशालराव पांढऱ्या सदऱ्यात मेन स्विचपाशी उभे होते. टेम्पोवाल्याला फोन आधीच गेला होता.

"स्वानंदराव, हे पोरगी कॉलेजातून आनली का शाळेतून?"

"बघा तर तुम्ही," स्वानंद सर म्हणाले.

खटका पडला. मिल गप्प झाली. जनरेटर खोकला, लागला, एलिव्हेटरच्या बादल्या खडखडल्या. सतराव्या सेकंदाला डब्याचा पडदा उजळला. अठराव्याला त्यावर लाल अक्षरं आली: पांढरी पट्टी सापडत नाही. सॉर्टर सुरू झाला नाही. डाळ हॉपराच्या काठावर आली, क्षणभर कमानीसारखी थांबली आणि मग आचलच्या केसांवरून, खांद्यांवरून खाली कोसळली.

पांढरी पट्टी कॅमेऱ्यासमोर एकदा फिरते. तिच्याकडं बघून कॅमेरा पांढरं म्हणजे काय ते ठरवतो, आणि मगच डाळ सोडतो. पट्टीची मोटर कुठल्या तारेवर आहे हे तिनं शोधलं. सॉकेट रिकामं होतं.

धर्मेंद्रनं शर्टाच्या खिशातून निळी तार काढली. मोटर डब्याला जोडणारा बोटाएवढा कन्व्हर्टर, एका टोकाला प्लग. "हे राह्यलं व्हतं," तो म्हणाला.

"मंगळवारी ही तुमच्या खिशात होती?"

"रोजच असते. सुरू कराच्या टाइमाले लावाची, पट्टी फिरली का काढाची. थरथरीनं ढिली व्हते, मंग डबा लटकते, चालतच नाही. इथला हरेक मानूस जानते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी विचारलं कोठी? तुमी तं मोजून राह्यल्या व्हत्या."

खुशालराव खो खो हसले. आचलच्या कानशिलावरून डाळीचा दाणा घरंगळला. तिनं चालू यंत्र मोजलं होतं. सुरू होणारं यंत्र तिनं मोजलंच नव्हतं. चूक तिचीच होती, आणि ती तिला धर्मेंद्रच्या हातात लोंबताना दिसत होती.

"द्या ती तार."

"काहून? कचरा हाय न तो."

पाच महिने आचलनं वर्कशॉपात घरची, चांदूर रेल्वेची बोली तोंडातून निघू दिली नव्हती. "धर्मेंद्रभाऊ, तुमी बाजूले उभे राहून पाह्यत व्हते," ती म्हणाली. "मले पडताना पाह्याचं व्हतं, पाह्यलं. आता तार द्या."

धर्मेंद्रनं तार तिच्या हातात दिली नाही. खाली सांडलेल्या डाळीच्या ढिगावर टाकली. ती वाकली आणि उचलली.

"भांडा, भांडा," खुशालराव म्हणाले. "टेम्पो येऊनच राह्यला."

"आचल," स्वानंद सर मोबाइलमधून वर न बघता म्हणाले, "टेम्पो येईपर्यंत तुझा वेळ. त्यानंतर मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही."

"आत्तापर्यंत कुठं बोललात, सर?"

मिलच्या ऑफिसात तिनं तार लॅपटॉपला लावली, आत कोणती चिप आहे ते पाहिलं. त्या चिपचा एक ड्रायव्हर परत घालायचा, कर्नेल पुन्हा बनवायचं. अख्खं होतं तेव्हा याच लॅपटॉपला अडीच तास लागले असते. छाटलेलं नऊ मिनिटांत होणार होतं. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. चौऱ्याण्णव सेकंदांत कुणीही चालत जाऊन प्लग लावू शकत होतं. सतरा सेकंदांत माणूस चहाच्या टपरीवरून पोचणार नाही. तार कायम लागलेलीच हवी, आणि थरथरीनं निघाली तरी डबा लटकायला नको. लॅपटॉपचा पंखा घरघरत असताना तिनं डब्याच्या प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या.

धर्मेंद्र दारात येऊन उभा राहिला.

"एकच वाढवलं?"

"एकच."

"तार निघाली तं?"

"निघू द्या. पट्टी फिरून झाली की डबा तारेकडं बघणारच नाही."

तो थोडा वेळ पडद्यावरून पळणाऱ्या ओळी बघत राहिला.

"मंग मशीनपाशी माह्यं काय काम राह्यते?"

आचलनं मान वर केली नाही. "ते सरांना विचारा."

"लय शिकली वं तू," धर्मेंद्र म्हणाला. आता 'तुमी' नव्हतं, 'म्याडम'ही नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा बायांनी हॉपर रिकामं करून डाळ झाडून घेतली होती, टेम्पो फाटकातून मागं-मागं येत होता आणि दोन हमाल सॉर्टरच्या पायातले बोल्ट बघत होते. तिनं डब्यात नवं कर्नेल घातलं आणि तार सॉकेटात दाबून बसवली. झाकणाचा दुसरा स्क्रू आवळत होती, तोच खटका पडला. खुशालरावांनी तिला हो म्हणायला वेळ दिला नव्हता. स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. जनरेटर लागल्याबरोबर तिनं दुसऱ्या हातानं मोबाइलवरचं घड्याळ दाबलं. स्वानंद सरांनीही आपलं दाबलं. बादल्या खडखडल्या. धर्मेंद्र हात पाठीमागं बांधून उभा होता. हमाल हॉपराकडं बघत होते. पडदा उजळला, पांढरी पट्टी कॅमेऱ्यासमोरून सरकली आणि परत गेली, झोताचा फटफट आवाज सुरू झाला, आणि काळे दाणे बाजूच्या पन्हाळीत पडायला लागले.

स्वानंद सरांच्या घड्याळात एकवीस पूर्णांक तीन सेकंद. आचलच्या घड्याळातही तेच. हॉपरातली डाळ काठापासून चार बोटं खाली.