धुरपदाबाईंची तपेली आणि झाकणाचा प्याला

मी एक जुनी तपेली आहे. अ‍ॅल्युमिनियमची, बुडाला काळी, कडेला पोचा पडलेली. मुक्काम उधना, सुरत. मित्रांनो, जुन्या भांड्यानं गोड बोलावं आणि सगळ्यांचं भलं चिंतावं, अशी तुमची अपेक्षा असेल तर ती आधीच सोडा. मी एका प्याल्यावर जळते. खाली गॅस नसतानाही जळते.

माझा जन्म कारखान्यात झाला. एक गोल पत्रा यंत्राखाली गेला आणि तपेली होऊन बाहेर पडला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी मी जन्मले ती उधन्याच्या बाजारात. अमळनेरकडून नुकत्याच आलेल्या धुरपदाबाईंनी मला उचललं, बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई भगोनं दे रे भाऊ."

"तपेली कहेवाय, बेन," दुकानदार हसला.

तेव्हापासून मी तपेली. बाईंचे यजमान उखाभाऊ लूमवर कामाला होते. पाळीवर निघण्याआधी त्यांना माझ्यातला चहा लागायचा. ठेचलेलं आलं, सढळ साखर, घट्ट दूध. चहा उतू जायच्या बेतात आला की बाई फुंकर मारत आणि तो मुकाट खाली बसे. शेजारच्या शांताबाई परभणीकडच्या. चहाचा वास भिंतीपलीकडे गेला की त्यांना हटकून आमची विळी आठवे. विळी न्यायला विसरत, चहा मात्र कधी विसरल्या नाहीत. उखाभाऊ गेले तेव्हा भेटायला आलेल्या माणसांना चहा मीच पाजला. माझं अंग आतून तपकिरी होत गेलं. लोक त्याला डाग म्हणतात. मी दागिना म्हणायची.

मग डॉक्टरांनी बाईंची साखर बंद केली. बिनसाखरेच्या चहाचा बाईंनी एक घोट घेतला आणि बाकीचा कुंडीतल्या तुळशीला दिला. तुळस तरी बिचारी काय बोलणार?

त्याच सुमारास बाईंचा मुलगा ललित एक डबा घेऊन आला. तो भरतकामाची यंत्रं बसवणारा फिटर. पलसाण्याच्या कारखान्यात चीनचे लिनसाहेब यंत्र जोडायला आले होते, त्यांनी जाताना दिलेली ती भेट. डब्यात चपटी, हिरवी पानं आणि शेजारी तो. पांढराशुभ्र, खाली बशी, वर झाकण. डोक्यावर टोपी घालून बसलेला जावईच जणू! बायांनो, त्याला धुताना ललितच्या बायकोनं, सोनालीनं, कपाटातला नवा रुमाल काढला. मला आजवर काथ्यानं घासलंय.

"मम्मी, आता हाच चहा प्यायचा," सोनाली म्हणाली. "दूध नाही, साखर नाही."

"मंग उरनं काय?" बाईंनी विचारलं.

पहिल्या दिवशी ललितनं पाणी माझ्यातच तापवलं. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "माय, याले आलंना वास येस!" येणारच. इतक्या वर्षांचं आलं माझ्या अंगात मुरलंय. मी मनातल्या मनात फुगडी घातली.

सोनालीनं मग विजेची किटली आणली. ती बंद पोटाची. आत पाणी काय करतं कोणाला दिसत नाही. खदखदून उकळी फुटली की टक् करून थांबते, त्याआधी नाही. ते उकळतं पाणी पानांवर ओतलं. बाईंनी झाकण उचलून पाहिलं. "रंग कोठे शे? ऱ्हाऊ दे आखो." आमच्याकडे चहाला रंग चढेपर्यंत कोणी हलत नाही. झाकण घालून ठेवलं, ठेवलं, आणि प्याला तोंडाला लावताच बाई मोरीकडे धावल्या. "हाई ते निमना काढा शे!"

माझी दुसरी फुगडी.

पण मित्रांनो, त्यानंतर बाईंनी चहाचं नावच टाकलं. दुपारी दारात बसत त्या, हात मांडीवर रिकामे. शांताबाईंना विळी आठवेनाशी झाली. मला वाटलं होतं, प्याला हरला की मी जिंकेन. इथं दोघंही कोरडे पडलो. तो निदान कपाटात. मला सोनालीनं भंगारवाल्यासाठी भरून ठेवलेल्या गोणीत टाकलं, फुटक्या बादलीच्या शेजारी. बादलीला बोलायची भारी हौस होती. मला नव्हती.

रविवारी ललितनं लिनसाहेबांना व्हिडिओ कॉल लावला. ते चिनी बोलत आणि फोन त्याचं हिंदी करी. पानं हिरवी असतानाच तापलेल्या कढईत हातानं परतून वाळवलेली असतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणून उकळतं पाणी नको आणि फार वेळ ठेवायचंही नको. पाण्यात बारीक बुडबुडे आले की बस. केवढे? फोन म्हणाला, "मछली की आँख जितने."

"मासाना डोया?" बाई खळखळून हसल्या. मग किटलीकडे पाहून थांबल्या. "हाईमा डोया दिसतीन कशा? मन्ही तपेली कोठे शे?"

सोनालीचा चेहरा उतरला. गोणी उपसून तिनंच मला बाहेर काढलं.

"मम्मी, पण हिचा आल्याचा वास?"

"चिंच आन."

आणि बाईंनी मला घासलं. चिंचेनं, मग लिंबाच्या सालीनं, मग पुन्हा चिंचेनं. आल्याचा वास गेला, दुधाचा गेला, माझा तपकिरी दागिना मोरीतून वाहून गेला. त्यात उखाभाऊंच्या पाळ्या होत्या, शांताबाईंच्या विसरलेल्या विळ्या होत्या. एकदा वाटलं, यापेक्षा बादली बरी होती. पण हात बाईंचे होते.

मग पाणी तापलं. बाई वाकून पाहत राहिल्या. बुडाशी बारीक डोळे उघडले तसा त्यांनी गॅस बंद केला. प्याल्यात चिमूटभर पानं, वर पाणी. पानं आधी तरंगली, मग एकेक उभी राहून खाली उतरली. रंग चढायची वाट न पाहता बाईंनी प्याला उचलला. मी डोळे मिटले असते, असते तर.

घोट झाला. दुसरा घोट.

"ललित, मन्हा बापना वावरमा हुरडा भाजेत ना... तसा वास येस रे याले."

शांताबाई दारात हजर. काय सुचलं त्यांना कोण जाणे, पण विळीच मागितली. त्यांनीही घोट घेतला, जरा विचार केला. "चांगलं हाय. साखर टाकायची ऱ्हायली का?"

"बठ, शांता," बाई म्हणाल्या. त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतलं, त्यांच्यासाठी.

आता मी फक्त पाणी तापवते. चहा त्या प्याल्यात होतो, वाहवा त्याची होते. बाई त्याला दोन्ही हातांत धरतात आणि माझा अजून जळफळाट होतो. ते काही जायचं नाही. पण एक गोष्ट त्याला ठाऊक नाही. रोज दुपारी बुडबुडे पाहायला बाई माझ्यावर वाकतात. दुधाच्या चहात कधी दिसला नव्हता, पण आता माझ्या घासलेल्या अंगात आणि नितळ पाण्यात त्यांचा सगळा चेहरा दिसतो. पाणी तापेपर्यंत तो माझ्यापाशीच असतो.

तेव्हा मित्रांनो, घरातलं जुनं भांडं गोणीत टाकण्याआधी एकदा चिंचेनं घासून पाहा. आणि त्यात वाकून बघा, कोण दिसतं ते.