लोखंडी चुलीला पोतेरं

चुलीला भेग दिसली की बोटानं चिखल भरायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या कुंभारी गावात चूल मातीची. जाळानं तिला आठ-पंधरा दिवसांत चिरा जातात. बाई सकाळी उठते, राख काढते, शेणमातीचं पोतेरं फिरवते, चीर दिसली की बुजवते आणि मगच जाळ घालते. बिनपोतेऱ्याच्या चुलीवर शिजलेलं अंगी लागत नाही, असं माझी सासू म्हणायची, आणि मी माझ्या सुनेला म्हणत आले. चाळीस वर्षांच्या याच सवयीनं मी परमुलखात माझं स्वतःचं घर बुडवायला निघाले होते. बुडालं नाही, म्हणून आज सांगायला तोंड आहे.

माझा थोरला हिंदुराव कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. तिथनं तो आफ्रिकेच्या रेल्वेत नैरोबीला गेला, आणि वर्षानं येऊन बायकोला घेऊन गेला. बायको म्हणजे सारजा. बिनआईची पोर, लग्नानंतर माझ्याच हाताखाली भाकरी शिकली. हात बरा होता तिचा, पण तोंडावर मी कधी म्हटलं नाही. सुनेला बरं म्हटलं की ती पीठ सैल भिजवायला लागते.

तिकडं गेल्यावर तिनं मला पत्र घातलं. ती चार बुकं शिकलेली. मला अक्षराला अक्षर जुळवून वाचता येतं, पण एका ओळीला एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ लागतो. इथली चूल लोखंडाची आहे, तिला दारं आहेत, असं तिनं सुरुवातीला लिहिलं होतं. मी तिथंच थांबले. जाऊबाईला, अंबुबाईला, म्हणाले की चुलीला दारं म्हणजे हिनं गोठ्यात संसार मांडलाय बहुतेक, आणि भाकरी करायला हिला आता कागद लागतो. अंबुबाईनं ते आळीभर केलं. चार दिवस बायका हसल्या. पत्र मी लोणच्याच्या बरणीखाली घातलं, कारण बरणी डुगडुगत होती.

पुढं सारजाचं पाचव्या महिन्यात एक गेलं. वर्षानं पुन्हा दिवस राहिले, तेव्हा तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं की हिनं अंथरुणावरनं उठायचं नाही, बोटीत तर पाऊलही ठेवायचं नाही. हिंदुरावचं पत्र आलं. ते मात्र मी दिवा लावून शेवटपर्यंत वाचलं. सारजाच्या पोटात काही ठरत नव्हतं. पाव ठरत नव्हता, शेजारणीचे पराठे ठरत नव्हते. ती एकच मागत होती, विस्तवावर फुगलेली ज्वारीची भाकरी. ती तिला करायला उठता येत नव्हतं, आणि त्याला थापता येत नव्हती. डॉक्टर म्हणाला होता, अशीच उपाशी राहिली तर हेही मूल जाईल. खाली लिहिलं होतं, आये, तू ये.

कुर्डुवाडीचा एक फिटर बायकोसकट परत चालला होता, त्यांच्या सोबतीनं मी निघाले. बरोबर शाळू ज्वारीचं पोतं, माझा तवा, भाकरी थापायची काटवट, शेंगाचटणीचा डबा आणि लोखंडी फुंकणी. फुंकणी कशाला, असं बोटीवर एकीनं विचारलं. मी म्हणाले, तिकडच्या विस्तवानं इकडच्या बाईचं ऐकलं नाही तर त्याच्या पाठीत घालायला.

बोटीत मी काय काय सोसलं ते सांगत नाही. बोटीनंतर आगगाडीनं नैरोबीला उतरले तेव्हा आपला आषाढ चालू असावा, आणि तिथं हाडं गारठवणारी थंडी. हिंदुरावाला रेल्वेनं दोन खोल्या दिल्या होत्या, वर पत्रा. सारजा खाटेवर होती. सातवा महिना, आणि मनगट असं की माझी बांगडी तिच्या कोपरापर्यंत चढावी. मला बघून ती उठायला लागली. मी तिला दाबून निजवलं आणि स्वैंपाकघर बघायला गेले.

ती चूल मी बघितली आणि मला कीव आली. काळी लोखंडी पेटी, चार पायांवर उभी. वर गोल गोल झाकणं, एकात एक बसवलेली. मागनं एक धुराचं नळकांडं पत्र्यातनं बाहेर गेलेलं, त्याला एक दांडी. पुढं वरती एक दार, त्यात लाकूड घालायचं. त्याच्याखाली आणखी एक दार, त्याला एका ओळीत सहा भोकं, उंदरानं पाडावीत तशी. आणि दोन वर्षांत एकदाही तिला पोतेरं मिळालेलं दिसत नव्हतं.

खाटेवरनं सारजा म्हणाली, "आत्याबाई, त्या खालच्या दाराचं येवडं ध्येनात ठिवा..."

"तू गप पड," मी म्हणाले. "चूल कुटली का असंना, चूलच हाय. तुज्या जन्माआधीपासनं मी जाळ घालतीया."

ती गप्प बसली. माझ्यापुढं गप्प बसायचं, हेही मीच शिकवलेलं.

शेजारी एक पंजाबी सरदारीण राहायची, तिचा नवराही रेल्वेतच. अंगानं धिप्पाड, बोलणं भांडल्यासारखं, पण हाताची मोकळी. तिच्या घरच्या चक्कीवर मी त्याच दिवशी शाळू दळला. मागल्या चाळीत एकाच्या गाई होत्या, तिथनं शेण आणलं. सकाळी हिंदुराव कामावर गेल्याबरोबर मी त्या पेटीला वरपासून खालपर्यंत पोतेरं दिलं. माती तांबडी, चिकट, हाताला बरी लागली. मग ती सहा भोकं, बोटानं चिखल दाबून दाबून बुजवली आणि वर हात फिरवून गुळगुळीत केली. चूल आता कुठं माणसात आली असं वाटलं. बाहेर गार वारा होता आणि पोटुशी बाई घरात, म्हणून खिडकी लावली आणि दाराला कडी घातली. सारजाची खोली आणि स्वैंपाकघर यांच्यामधलं दार मात्र उघडं ठेवलं. तिला मी दिसावं म्हणून.

जाळ काही धरेना. लाकूड नुसतं धुपायला लागलं. मी वरचं झाकण काढलं आणि फुंकणी लावली. भस्सकन धूर माझ्याच तोंडावर आला. मी आणखी फुंकलं. ओलं लाकूड असलं की असंच होतं, फुंकत राहावं लागतं, हे मला ठाऊक. फुंकत राहिले. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, समोरची भिंत दिसेना. पलीकडं सारजा खोकत होती. मी तिला म्हणत होते, आता धरेल, आता धरेल. थोड्या वेळानं तिचं खोकणं थांबलं. बरं झालं, डोळा लागला असेल, असं माझ्या मनात आलं. 

पत्र्याच्या सांदीतनं धूर बाहेर निघालेला सरदारणीनं बघितला असावा. तिनं दार दोनदा वाजवलं आणि तिसऱ्यांदा खांद्यानं कडीच उखडली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. सरळ सारजाकडं गेली, तिला गोधडीसकट उचलून बाहेर पडवीत आणून ठेवली. मी मागनं आले ती भिंत चाचपत.

सारजाचे ओठ निळे, डोळे वर गेलेले. सरदारीण तिचे तळपाय घासत होती, तोंडावर पाण्याचे हबके मारत होती, आणि मधून मधून मला तिच्या बोलीत शिव्या देत होती. मला ती बोली येत नव्हती, पण शिव्या सगळ्या कळल्या. एकीलाही मी उत्तर दिलं नाही. माझ्या ओळखीच्या कुणाला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

घटकेनं सारजाला ओकारी झाली आणि तिनं श्वास घेतला. मग खोकली. मग माझ्याकडं बघितलं. बघितल्याबरोबर तिचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

"हलंना," ती म्हणाली. "सकाळच्या पारी रोज हलतंय."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. माझ्या बोटांवर त्या पोतेऱ्याचा चिखल अजून ओला होता, तो तिच्या लुगड्याला लागला. पोट गप्प होतं. सरदारीणही शिव्या द्यायची थांबली. मी सहा बाळंतपणं काढलेली बाई, दुसऱ्यांच्या पोटावर हात ठेवून मुलगा की मुलगी ते सांगणारी, आणि आता मला काही म्हणजे काही कळेना. मी देवाचं नाव घेतलं नाही. कुठल्या तोंडानं घेणार. समोर रेल्वेचा रूळ होता, त्याच्यावरनं एक लांबलचक मालगाडी गेली. तिचे डबे संपता संपेनात. मी हात काढला नाही.

शेवटचा डबा गेला, आणि माझ्या तळव्याला खालनं एक टोला बसला. चांगला रागानं मारल्यासारखा. मग दुसरा.

सारजाला कळलं, तिनं डोळे मिटले. सरदारीण मोठ्यानं हसली आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढं पडले. पडले तिथंच रडले. चाळिशीनंतर मी चारचौघांत रडले ती तेवढीच.

थोड्या वेळानं सारजा डोळे न उघडता म्हणाली, "भोकं बुजिवली का, आत्याबाई?"

"व्हय."

"मीबी पयल्या दिशी बुजिवली हुती. आदी पोतेरं दिलं, मग चिखुल भरला. तुमीच शिकिवलं न्हवं का." तिच्या पोटाला हसण्यानं हिसका बसत होता. "हेनी घरी आलं तवा मी मोरीत बसून खोकत हुती. म्हणून तर पत्र घातलं की."

मी म्हणाले, "पत्र लोणच्याच्या बरनीखाली हाय."

 तिचं हसू थांबेना, आणि मला वाटलं हसू दे, जेवढं हसेल तेवढं बरं. मी आळीभर तिचं हसं केलं होतं. तिनं पडवीत एकटीनं माझं केलं, यात माझा फायदाच झाला.

मग आम्ही खाट ओढून दाराशी आणली, तिथनं तिला चूल दिसेल अशी. सरदारीण उंबऱ्यावर गुडघे पसरून बसली. तिला आता तमाशा बघायचा होता. मी खिळ्यानं सहाही भोकं टोकरून मोकळी केली. सारजानं सांगितलं तसं केलं. नळकांड्याची दांडी बाहेर ओढा म्हणाली, ओढली. खालचं दार बोटभर उघडं ठेवा म्हणाली, ठेवलं. जाळ असा धडधडला की माझी फुंकणी कोपऱ्यात लाजून उभी राहिली. लाकडाचे निखारे होईपर्यंत थांबा म्हणाली. थांबले. सुनेचं ऐकून हातावर हात घेऊन थांबणं सोपं नसतं, कुठल्याही सासूला विचारा.

पहिली भाकरी मधोमध जळली. तव्याखाली सगळा जाळ एकाच जागी लागत होता. सारजा म्हणाली, मधलं एकच झाकण काढलंय, त्याच्या भोवतीचं कडंपण काढा, म्हणजे तवा खाली बसेल. दुसरी तव्यावर बरी उतरली, पण फुगवायची कशी? आपल्या चुलीत भाकरी आहारापुढं, म्हणजे फुललेल्या निखाऱ्यांपुढं, उभी करतात. इथं आहार पेटीत कोंडलेला. तेव्हा तिनं फळीवर बोट दाखवलं. तिथं हिंदुरावनं कारखान्यात तारेची विणून आणलेली एक जाळी होती. तवा काढायचा, त्या भोकावर जाळी ठेवायची, जाळीवर भाकरी. एवढंच.

तिसरी भाकरी मी जाळीवर टाकली. ती हळूहळू फुगली, टम्म, पुरती, कडेला कुठं फाटली नाही. घरात तो वास पसरला आणि मी कुंभारीत आहे की कुठं, ते क्षणभर कळेना.

सारजानं ती शेंगाचटणीशी खाल्ली. अर्धी झाल्यावर थांबली, आम्ही दोघी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. मग तिनं राहिलेली अर्धी खाल्ली आणि आणखी एक मागितली. तीही ठरली. सरदारीण जळकी पहिली भाकरी मोडून खात बसली होती. चांगली आहे म्हणाली. तिला काय कळतंय.

संध्याकाळी हिंदुराव आला, काळं झालेलं छत बघितलं, उखडलेली कडी बघितली. सारजा म्हणाली लाकूड ओलं होतं. मी म्हणाले खोटं बोलू नकोस, आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातोडी घेऊन कडी परत ठोकली. मग ताटावर बसला आणि चार भाकरी खाल्ल्या.

नवव्या महिन्यात मुलगी झाली, रडायला खणखणीत. तोपर्यंत मी त्या लोखंडी चुलीला रोज सकाळी पोतेरं देत होते. भोकांच्या कडेकडेनं, एक बोट जागा सोडून.

परत आले तेव्हा अंबुबाई पहिल्याच दिवशी चुलीपाशी येऊन बसली आणि विचारू लागली, काय हो, त्या गोठ्यातल्या चुलीचं काय. मी बरणी सरकवून पत्र काढलं. तेलानं पार पारदर्शक झालं होतं, पण अक्षरं होती. तिला हलू दिलं नाही. अक्षराला अक्षर जुळवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, भोकं, दांडी, जाळी, सगळं. पार दिवस कलला. तव्यावर माझी भाकरी करपून कोळसा झाली. अंबुबाईनं तिच्याकडं बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.