पान सात

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सविताने घरातला छापील कागद हलवायला घेतला. पलंगाखालचे जुने दिवाळी अंक, खिडकीतली खतांची माहितीपत्रकं, मुलाची, सत्यजीतची, आयटीआयची पुस्तकं, शेवटची पानं गळालेल्या रहस्यकथा, कुक्कुटपालनावरचं एक, वास्तुशास्त्रावरचं एक, सगळं पोत्यात भरून गोठ्याच्या माळ्यावर गेलं. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा तिने उतरवलं. त्याच्या मागच्या बाजूला राशिभविष्य आणि पाककृती असतात, आणि तिचे सासरे संपतआबा त्या उभ्या उभ्या वाचतात.

"रागवू नका आबा," ती म्हणाली. "पण उद्याचा एक दिवस काय वाचू नका. पोरगं तिशीला आलंय. मागच्या बारीला काय झालं, ध्यानात हाय ना?"

आबांच्या चांगलंच ध्यानात होतं. सत्यजीतसाठी इकडे वरवंडला आलेल्या त्या पाहुण्यांनी पेढे आणले होते आणि पुड्याच्या कागदावर शहामृगपालनाचा अर्धा लेख होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "विहिरीचं पाणी कितीपातुर टिकतं?" आबा म्हणाले, "चाळीस वर्षं. फार गुणी पक्षी." कुणी हसलं नाही. होकारही आला नाही. नकाराला दुसरी कारणं असतील, रांजणगावच्या कंपनीत सत्यजीत अजून कायम झाला नव्हता. पण आबांनी तो नकार स्वतःच्या माथ्यावर घेतला होता.

आपल्या वाचनाचा त्यांना कधी अभिमान वाटला नाही. लोक वाचून वकील होतात, निदान ग्रामसभेत चार शब्द बोलतात. आबांना कुणी 'बोला' म्हटलं की ते मागच्या रांगेत सरकायचे. चांगलं कोणतं, टाकाऊ कोणतं, हेही त्यांना निवडता येत नसे. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की कीटकनाशकाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं असोत नाहीतर रद्दीतली कादंबरी, पहिली ओळ डोळ्यांखालून गेली की थंडीत चुलीपुढे बसल्यासारखी ऊब येते.

एक गोष्ट मात्र त्यांनी सुनेपासून लपवली. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर तिने दिवाळीत अंथरलेले पेपर तसेच राहिले होते. त्यात रविवारच्या पुरवणीचं एक पान होतं आणि त्यावर एक कथा. वारलेल्या आत्याचं कुलूपबंद कपाट भाचा उघडतो आणि किंचाळून मागे सरतो. खाली कंसात छापलेलं, 'पुढील मजकूर पान सात वर'. पान सात घरातच असणार, कुठल्यातरी डब्याखाली. पण सुनेची भरलेली फळी सासऱ्याने उपसायची कशी? विचारायचा धीर त्यांना अजून झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाबळहून पाहुणे आले. मुलगी मोनाली, तिचे वडील दत्ता आणि आजी सोजराबाई. मोनाली तिकडे एका मेडिकलमध्ये कामाला होती. आबा फोटोला बसल्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. चहाच्या कपावर 'शुभ सकाळ' होतं, तेवढंच त्यांनी वाचलं.

"पाण्याचं कसं काय, आबा?" दत्ताने विचारलं.

"विहिरीला एप्रिलपातुर. पुढं कालव्याचं पाणी, आवर्तन सुटलं की."

सविताने सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढे सत्यजीत आणि मोनाली बाहेर ओट्यावर बोलत बसले, बराच वेळ. मग सत्यजीत दत्ताला शेत दाखवायला घेऊन गेला, सविता सोजराबाईंना गोठ्याकडे. आबांची रक्तदाबाची गोळी राहिली होती, म्हणून ते पाण्यासाठी आत गेले.

मोनाली रिकामे कप ठेवायला आली होती. कप तिच्या हातातच होते. मान एका खांद्यावर टाकून ती फळीपुढे उभी होती आणि एका बोटाने डाळीचा डबा हळूच सरकवत होती. असं उभं राहणारं माणूस आबांनी फक्त आरशात पाहिलं होतं.

मागे फिरावं, हे त्यांना कळत होतं.

"साखरेच्या डब्याखाली दोन ओळी हायेत," तोंडून निघूनच गेलं. "चहाला डबा निघाला तवा वाचल्या. तिथं त्याला किल्ली सापडते."

ती दचकली. "आजोबा, मी आपलं सहज..."

"पुढचं पान सात वर."

"मग ते कुठंय?"

"घरातच. कुठल्या डब्याखाली, देवाला ठाऊक. दिवाळीपासून जीव टांगलाय."

"दिवाळीपासून! आन् तुम्ही उचलून बघितलं न्हाई?"

"फळी सुनेची हाय, बाळ."

ती खुदकन हसली. "मी दुकानात औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा वाचते. मालक वरडतो."

"एकदा उघडली की परत घडी बसत न्हाई तिची."

"बसतच न्हाई!"

सविता आणि सोजराबाई दारात आल्या तेव्हा साखरेचा डबा जमिनीवर होता आणि दोन डोकी फळीत.

"अगं ए!" सोजराबाई कडाडल्या. "लोकाच्या घरात डबे उपसायला लागली? तिथं काय वाचू नको म्हणून निघताना बजावलं हुतं ना?" मग सविताकडे वळून म्हणाल्या, "आता काय लपवू, बाई? पोरगी गुणाची हाय, पण हा नाद. तिकडं भाकरीचा कोळसा हुतोय, आन् ही रद्दी वाचतीया."

आबांनी मान खाली घातली. झालं. हाही नकार आपलाच.

"आमच्याकडं बी एक हाय," सविता सावकाश म्हणाली. "कालच पोतंभर कागद माळ्यावर टाकलाय."

सोजराबाई आबांकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. पण निघताना दत्ता 'कळवतो' एवढंच म्हणाला. मागचेही तेच म्हणाले होते.

"चुकलं माझं," आबा म्हणाले आणि त्यांनी पान सातचं सगळं सांगून टाकलं. सविता कप विसळत राहिली.

दिवेलागणीला सत्यजीत मोबाईल घेऊन आत आला. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं, तरी कपाळाला आठी होती. "आई, मोनालीचा मेसेज आलाय. घरच्यांना पसंत हाय, म्हणती. तिलाबी. पण खाली लिहिलंय, पान सात सापडलं का ते आधी सांगा. हे काय प्रकरण हाय?"

सविताने पदर खोचला, स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरचा शेंगदाण्याचा डबा उचलला.

"चष्मा लावा आबा. मी डबे उचलते, तुम्ही बघा."

आबा टाचा उंचावून फळीकडे झुकले. "पान बारा," ते म्हणाले. मग नुसतेच ओठ हलू लागले. शेळ्यांना जंताचं औषध कधी द्यावं, याची माहिती होती, बरीच सविस्तर.

"आबा," डबा पोटाशी धरून सविता ओरडली, "नुसता आकडा बघा!"